परमवीर चक्रावर वज्र कोरणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्मल्या होत्या स्वित्झर्लंडमध्ये

परमवीर चक्र आकाराने अगदी लहान आहे. व्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. धातू कांस्य. वर साधी जांभळी फीत. देशातलं युद्धकाळातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक हेच, आणि आजवर ते फक्त २१ जणांना मिळालंय. त्यातल्या १४ जणांना मरणानंतर.

पदकाच्या मधोमध राजमुद्रा आहे आणि तिच्याभोवती चार छोटी चिन्हं कोरलेली आहेत. ती आहेत इंद्राची वज्रं. बंदूक नाही, रणगाडा नाही, सिंहाची झेपही नाही. स्वतंत्र भारताच्या सैन्याने आपल्या सर्वोच्च पदकासाठी पुराणातलं हे शस्त्र का घेतलं, याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावी पोहोचतो.

तिथे २० जुलै १९१३ रोजी एक मुलगी जन्माला आली. नाव इव्ह इव्हॉन मादे द मारोस. वडील आंद्रे द मादे हंगेरियन, जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई मार्था रशियन, शिक्षणशास्त्रासाठी नावाजलेल्या जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. म्हणजे वडील एका देशाचे, आई दुसऱ्या देशाची आणि घर तिसऱ्याच देशात. आई लवकर गेली. इव्ह वडिलांच्या आणि पुस्तकांच्या सोबतीने वाढली.

पहिलं महायुद्ध संपल्यावर राष्ट्रसंघाची स्थापना झाली आणि त्याचं मुख्यालय जिनिव्हात आलं. आंद्रे द मादे तिथे ग्रंथपाल म्हणूनही काम करायचे. जगभरातली पुस्तकं त्या ग्रंथालयात येत होती आणि शाळकरी इव्ह ती वाचत होती. भारताशी तिची पहिली ओळख झाली ती तिथेच, कागदावर. वेद, उपनिषदं, देवादिकांच्या कथा, संतांची चरित्रं. त्या वयाच्या मुलीला हे सगळं जड जायला हवं होतं, पण झालं उलटंच. तिला वाटायला लागलं की आपलं घर तिकडेच कुठेतरी आहे.

गोष्ट आहे १९२९ ची. फ्रान्समधलं शामोनी हे आल्प्सच्या कुशीतलं गाव, बर्फावर घसरण्याच्या खेळांसाठी प्रसिद्ध. सुट्टीत तिथे काही लष्करी विद्यार्थी आले होते. त्यात एक होता विक्रम रामजी खानोलकर. आडनाव कोकणी वळणाचं, घर मराठी आणि शिक्षण इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी महाविद्यालयात.

तेव्हा भारतीय मुलाला सँडहर्स्टमध्ये जागा मिळणं सोपं नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजांनी भारतीयांसाठी तिथे मोजक्या जागा ठेवायला सुरुवात केली होती. डेहराडूनची अकादमी सुरू झाली १९३२ मध्ये. तोवर पूर्ण दर्जाचा अधिकारी व्हायचं असेल तर बोटीत बसून विलायतेला जावं लागायचं. विक्रम त्या थोड्या भारतीय मुलांपैकी एक होता.

इव्ह तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. भारत पुस्तकातून वाचलेला आणि आता समोर एक खराखुरा भारतीय. दोघांची ओळख झाली आणि ती सुट्टीपुरती राहिली नाही. विक्रम शिक्षण संपवून भारतात परतला. इव्हच्या वडिलांना हे प्रकरण पसंत नव्हतं. मुलगी लहान, देश लांबचा, त्यात मुलगा सैन्यातला. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. काही वर्षांतच ती बोटीने भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं. वय वर्षं एकोणीस.

लग्नानंतर तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि नाव घेतलं सावित्री. इव्हची सावित्रीबाई खानोलकर झाली.

आता नवऱ्याच्या देशातलं नाव घेणं, साडी नेसणं इथवर अनेक जणी आल्या असत्या. त्या काळच्या छावणीत भारतीय अधिकाऱ्यांच्या बायकांवर उलटाच दबाव असायचा. क्लब, पार्ट्या, काट्या-चमच्याने जेवण, इंग्रजी बोलणं. युरोपात जन्मलेल्या बाईला तर हे सगळं आयतंच येत होतं. सावित्रीबाईंनी मात्र बरोबर उलटी वाट धरली. त्यांनी मांसाहार सोडला. मराठी आणि हिंदी शिकल्या आणि अस्खलित बोलू लागल्या. विक्रम यांची बदली पाटण्याला झाली तेव्हा तिथल्या विद्यापीठात संस्कृत आणि वेदान्ताचा अभ्यास केला. रामकृष्ण मठाशी संबंध आला तोही याच काळात. चित्रकला आणि संगीत चालूच होतं. उदय शंकर यांच्याकडे नृत्याचे धडेही त्यांनी घेतले.

कुणी परदेशी म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. आपण युरोपात चुकून जन्मलो, आपला आत्मा भारतीयच आहे, असं त्या सांगत. हे बोलणं भाबडं वाटू शकतं. पण त्यामागे पंधरा-सोळा वर्षांचा अभ्यास होता, आणि तो किती खोल होता हे पुढे एका कामातून दिसणार होतं.

ते काम आलं स्वातंत्र्यानंतर.

१५ ऑगस्ट १९४७ ला सैन्य भारताचं झालं, पण सैनिकांच्या छातीवरची पदकं ब्रिटिशांचीच होती. सर्वोच्च पदक होतं व्हिक्टोरिया क्रॉस. राणी व्हिक्टोरियाने ते १८५६ मध्ये सुरू केलं. आकार क्रॉसचा, त्यावर राजमुकुट आणि सिंह. भारतीय सैनिक त्याला पात्र ठरायला १९११ उजाडावं लागलं, पण पात्र ठरल्यावर दोन्ही महायुद्धांत त्यांनी ते मिळवून दाखवलं. मराठी माणसांना यातली दोन नावं माहीत असायला हवीत. मराठा लाईट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. दोघांनीही हे पदक मिळवलं इटलीत. घाडगे १९४४ मध्ये लढताना तिथेच पडले, जाधवांनी १९४५ मध्ये जखमी अवस्थेतही साथीदारांना वाचवलं.

शौर्य या मातीतलं, पण त्यावर शिक्का मात्र परक्या मुकुटाचा. स्वतंत्र देशात हे चालणार नव्हतं.

त्यात वाट बघायला वेळ नव्हता. स्वातंत्र्याला अडीच महिने होत नाहीत तोच काश्मीरमध्ये लढाई पेटली. सैनिक रोज असामान्य गोष्टी करत होते आणि त्यांना द्यायला देशाकडे स्वतःचं पदक नव्हतं.

ही जबाबदारी आली मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर. ते सैन्याचे पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल. मनुष्यबळ, शिस्त, मानसन्मान हे सगळं या पदाच्या अखत्यारीत येतं. अटल यांनी नावं ठरवली, परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. क्रॉसच्या जागी चक्र आलं. आता प्रश्न होता त्यावर काढायचं काय.

अटल यांनी सावित्रीबाईंना विचारलं. सैन्याच्या वर्तुळात खानोलकर कुटुंब ओळखीचं होतं आणि वेद, पुराणं, संस्कृत आणि चित्रकला हे सगळं एकाच माणसाला येतंय असं उदाहरण दुसरं नव्हतं. नव्या देशाच्या सर्वोच्च लष्करी पदकाचं काम सैन्यात नसलेल्या, जिनिव्हात वाढलेल्या बाईकडे द्यायचं, हा निर्णय १९४० च्या दशकात किती धाडसाचा होता हे वेगळं सांगायला नको. अटल यांचं नाव या गोष्टीत नेहमी एका ओळीत आटोपलं जातं, ते बरोबर नाही.

सावित्रीबाईंनी निवडलं वज्र.

वज्र म्हणजे इंद्राचं शस्त्र, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण सावित्रीबाईंना इंद्रापेक्षा महत्त्वाचे वाटत होते ते दधीची ऋषी. कथा अशी आहे की वृत्रासुराने देवांना पळता भुई थोडी केली. कोणतंही ठाऊक असलेलं शस्त्र त्याच्यावर चालेना. शेवटी उपाय सापडला तो भलताच. दधीची ऋषींच्या हाडांपासून शस्त्र बनवलं तरच वृत्र मरेल. आता हाडं मागायची म्हणजे जीवच मागायचा. इंद्राला ते मागायला जावं लागलं आणि त्यातही एक अडचण होती. याच इंद्राने पूर्वी एकदा दधीचींचं डोकं उडवलं होतं, अशी जुनी कथा आहे. म्हणजे मागणारा असा की ज्याला दारातूनच परत पाठवलं तरी कुणी नावं ठेवली नसती. दधीचींनी तरीही हो म्हटलं. योगबळाने प्राण सोडले. देवांच्या कारागिराने त्या अस्थींचं वज्र घडवलं आणि वृत्र मारला गेला.

म्हणजे हे शस्त्र धातूचं नाहीच. ते एका माणसाने दिलेल्या शरीराचं आहे. विजय इंद्राच्या नावावर लागला, पण ज्याच्यामुळे तो मिळाला तो माणूस विजय बघायला उरला नाही.

परमवीर चक्र कशासाठी द्यायचं याचे निकष वाचले की ही निवड किती नेमकी होती ते कळतं. शत्रूच्या समोर, जमिनीवर, समुद्रात किंवा हवेत दाखवलेलं अतुलनीय शौर्य, धाडस किंवा आत्मत्याग. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. बहुतेक देशांच्या लष्करी पदकांवर तलवारी, गरुड, सिंह, तारे असतात, म्हणजे ताकद आणि जिंकणं. परमवीर चक्रावर देणं आहे. सैनिकाकडून देश शेवटी काय मागू शकतो हे त्यात आधीच स्पष्ट कोरलंय. त्या अर्थाने हे फार प्रामाणिक चिन्ह आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. परमवीर चक्रावर छत्रपती शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे अशा पोस्ट दर २६ जानेवारीला फिरतात. ऐकायला छानच वाटतं, शिवाय पदक घडवणारी बाई महाराष्ट्राची सून. पण पदकाच्या अधिकृत वर्णनात तलवारीचा उल्लेख नाही. तिथे आहे ते इतकंच. गोल आकार, कांस्य धातू, व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच. दर्शनी बाजूला मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत परमवीर चक्र ही अक्षरं आणि दोन्हींच्या मध्ये दोन कमळं. पदक फितीला अशा कडीने जोडलेलं असतं की ते फिरू शकतं. फीत जांभळी, कोणताही पट्टा नसलेली.

एकाच माणसाला हे पदक दुसऱ्यांदा मिळालं तर काय, याचीही सोय आहे. नुसती फीत लावायची असेल तेव्हा तिच्यावर वज्राची एक छोटी प्रतिकृती चढवायची. आजवर ती वेळ कुणावर आलेली नाही. दधीचींची कथा आठवली तर का आली नाही हेही समजतं.

वज्राबद्दल अजून एक गोष्ट. राष्ट्राचं चिन्ह म्हणून वज्राचा विचार करणाऱ्या सावित्रीबाई पहिल्या नव्हत्या. त्यांच्या जन्माच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, भगिनी निवेदितांनी भारतासाठी एक झेंडा तयार केला होता आणि त्यावर वज्र होतं. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये आपली संस्था काढली तेव्हा तिचंही बोधचिन्ह वज्रच ठेवलं. निवेदिता मूळच्या आयर्लंडच्या, रामकृष्ण-विवेकानंदांच्या परंपरेतल्या. सावित्रीबाई स्वित्झर्लंडच्या, त्याच परंपरेशी जोडलेल्या. युरोपातून आलेल्या दोन बायकांना इतक्या चिन्हांमधून वज्रच दिसलं, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सावित्रीबाईंचं काम परमवीर चक्रावर थांबलं नाही. महावीर चक्र आणि वीर चक्रही त्यांच्याच हातचं. दोन्ही चांदीची, दोन्हींवर पाच टोकांचा तारा. पुढे युद्धाव्यतिरिक्तच्या शौर्यासाठी अशोक चक्राची मालिका आली, जिच्यातल्या पदकांना आज आपण अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र म्हणतो. त्यांची संकल्पनाही सावित्रीबाईंची. अशोक चक्रावर मधोमध अशोकाचं चक्र आणि भोवती कमळांची माळ आहे. एका माणसाने आखलेली पदकं पाऊणशे वर्षं देशाच्या तिन्ही दलांच्या छातीवर आहेत आणि बहुतेकांना त्या माणसाचं नावही माहीत नाही.

परमवीर चक्र अधिकृतपणे सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला, देश प्रजासत्ताक झाला त्या दिवशी. पण ते लागू केलं मागच्या तारखेपासून, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ पासून. काश्मीरमध्ये जे घडून गेलं होतं त्याचा हिशेब व्हायचा होता.

त्यात पहिलं नाव होतं मेजर सोमनाथ शर्मा यांचं. कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे. वय चोवीस. हॉकी खेळताना हात मोडलेला, प्लास्टरमध्ये. असा अधिकारी मोहिमेवर जात नाही, पण आपली कंपनी जातेय तर आपण जाणारच म्हणून ते हट्टाने विमानात बसले. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगर विमानतळाजवळ बडगाम इथे त्यांच्या तुकडीला कितीतरी मोठ्या टोळीने तीन बाजूंनी घेरलं. विमानतळ पडला असता तर भारतीय सैन्याची कुमक उतरायला जागाच उरली नसती. शर्मा मागे हटले नाहीत. माणसं कमी पडायला लागली तेव्हा प्लास्टरमधल्या हाताने ते स्वतः मॅगझिनमध्ये गोळ्या भरून मशीनगन चालवणाऱ्यांना देत राहिले. जवळच्या दारूगोळ्यावर तोफेचा गोळा पडला आणि त्यात ते गेले. पण तोवर मोलाचे काही तास मिळाले होते आणि विमानतळ वाचला.

आता या गोष्टीतला सगळ्यात चटका लावणारा भाग. सोमनाथ यांचे धाकटे भाऊ सुरिंद्रनाथ शर्मा, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले, ते सावित्रीबाईंचे जावई. म्हणजे देशाचं पहिलं परमवीर चक्र गेलं ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीच्या दिरांना. ज्या घरात ते चिन्ह रेखाटलं गेलं, त्याच घराच्या सोयरिकीत ते सगळ्यात आधी पोहोचलं. त्याच शर्मा कुटुंबातले आणखी एक भाऊ, विश्वनाथ शर्मा, १९८८ मध्ये लष्करप्रमुख झाले.

१९४७-४८ च्या त्या लढाईतल्या पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. तिघांना मरणोत्तर. जे दोघे जिवंतपणी ते छातीवर लावू शकले, त्यांच्यात लान्स नायक करमसिंग होते आणि सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे होते. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट त्यांनी मोकळी करून दिली. सुरुंग काढायचे, पाडलेली झाडं हटवायची, रस्ता बनवायचा, आणि हे सगळं गोळीबार चालू असताना, जखमी असताना, सलग काही दिवस. हातात बंदुकीपेक्षा फावडं जास्त वेळ होतं. परमवीर म्हटलं की डोळ्यासमोर येणारं चित्र राणे यांच्या बाबतीत जरा बदलावं लागतं.

पुढे १९६२ च्या चीन युद्धात तर एक अजब गोष्ट घडली. मेजर धनसिंग थापा शहीद झाले असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. नंतर कळलं की ते जिवंत आहेत, चीनच्या कैदेत आहेत. हे पदक मिळालंय म्हणजे माणूस गेलाच असणार, हे गृहीत धरण्याइतपत ते मरणाशी जोडलं गेलं होतं.

दधीचींच्या कथेचा एक भाग पदकावर नाही. दधीचींना पत्नी होती, सुवर्चा. देव अस्थी घेऊन गेले तेव्हा ती तिथे नव्हती. परत आली, काय झालंय ते पाहिलं आणि तिने देवांना शाप दिला. ती गरोदर होती. तिचा मुलगा पिंपळाखाली वाढला, म्हणून त्याचं नाव पिप्पलाद. जगाचं भलं झालं हे खरंच, पण त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

प्रजासत्ताक दिनाला राजधानीत मरणोत्तर पदक घ्यायला समोर येतात त्या बहुतेक वेळा अशाच बायका. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी रणगाडे उडवणाऱ्या अब्दुल हमीद यांचं परमवीर चक्र राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून घेतलं ते त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी. पदक स्वीकारताना त्यांच्या अंगावर वर्दी नसते, सलाम ठोकायचा नसतो, ते छातीवरही लावायचं नसतं. डबीत घेऊन घरी न्यायचं असतं.

सावित्रीबाईंना या बायका फक्त समारंभात दिसल्या नव्हत्या. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा त्या मदतीच्या कामात होत्या. सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्या काम करत होत्या. पदकाच्या कागदावर जी गोष्ट रेषांत बसते, ती घरात कशी दिसते हे त्या रोज बघत होत्या.

आणि मग ती वेळ त्यांच्यावरही आली. १९५२ मध्ये विक्रम खानोलकर गेले. मेजर जनरल पदापर्यंत पोहोचलेला माणूस, अजून नोकरीची वर्षं बाकी होती. सावित्रीबाई तेव्हा एकोणचाळीसच्या. ज्या माणसासाठी त्या देश सोडून आल्या, त्याच्यासोबत त्यांना मिळाली उणीपुरी वीस वर्षं.

अशा वेळी परत जाणं सोपं होतं. युरोपातलं युद्ध संपलं होतं, जिनिव्हा शाबूत होतं, तिथे भाषा-शिक्षण सगळं आपलं होतं. त्या परतल्या नाहीत. हळूहळू सार्वजनिक वावर कमी केला आणि रामकृष्ण मठाच्या आश्रयाला गेल्या. पुढचं आयुष्य अध्यात्मात आणि लिखाणात गेलं. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, सेंट्स ऑफ महाराष्ट्र. संस्कृत नावांचा कोशही केला. जिनिव्हातल्या ग्रंथालयात संतचरित्रं वाचणारी मुलगी आता तीच चरित्रं मराठी न येणाऱ्या वाचकांना सांगत होती.

लष्करी इतिहासातला हा मोठा वाटा असूनही सावित्रीबाई प्रसिद्धीच्या बाहेरच राहिल्या. पदक बनवणाऱ्याचं नाव पदकावर नसतं, हे एक कारण. दुसरं असं की त्यांनीही ते कधी मिरवलं नाही.

२६ नोव्हेंबर १९९० ला सावित्रीबाई गेल्या. वय ७७. तोवर त्यांनी आखलेलं परमवीर चक्र १७ जणांना मिळालं होतं, १२ जणांना मरणोत्तर. शेवटची दोन होती १९८७ ची, सियाचीनवर चौकी जिंकणारे बाणासिंग आणि श्रीलंकेत शांतिसेनेसोबत लढताना गेलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन. परमेश्वरन मुंबईत वाढलेले. त्यानंतर १९९९ मध्ये कारगिल झालं आणि आणखी चार पदकं दिली गेली. कॅप्टन विक्रम बत्रा, लेफ्टनंट मनोजकुमार पांडे, ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव आणि रायफलमन संजय कुमार. यातले यादव आणि संजय कुमार जिवंत परतले.

त्या चौघांच्या पदकांवरही मधोमध राजमुद्रा होती आणि भोवती तीच चार वज्रं.